दुसऱ्यांचे नमुने आणि आपला प्रश्न

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी ३३ वर्षांची, कर्वेनगरला राहणारी. पुण्यातच बायोइन्फर्मॅटिक्समध्ये, म्हणजे संगणकाने जैविक माहिती उलगडण्याच्या विषयात एमएस्सी, मग जिवाणूंच्या जिनोमवर, म्हणजे त्यांच्या संपूर्ण डीएनएवर पीएचडी. गेली चार वर्षं ती एका संशोधन संस्थेत प्रोजेक्टवर आहे. करार दर मार्चमध्ये नव्याने होतो. सह्याद्रीतले बेडूक, नदीतले मासे, सड्यांवरच्या वनस्पती यांचे नमुने सहकारी गोळा करून आणतात, सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचण्याचं काम, बाहेरून होऊन येतं आणि डेटा तिच्या सर्व्हरवर पडतो. तिथून पुढचं सगळं ती करते. पेपरवर तिचं नाव मधे कुठेतरी असतं. "तुला बरंय, एसीत बसून काम" हे आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतं. आता खराडीतल्या एका क्लिनिकल जिनोमिक्स, म्हणजे रुग्णांचा डीएनए तपासणाऱ्या कंपनीने अडीचपट पगाराची नोकरी देऊ केली आहे. महिन्याभरात उत्तर द्यायचं आहे. घरी नवरा, चार वर्षांची मुलगी, सासूबाई आणि फ्लॅटचा हप्ता. नवरा म्हणतो, तुझं तू ठरव. सासूबाई म्हणतात, पर्मनंट ते पर्मनंट. तिचे प्रश्न तीन. जैवविविधतेचं जिनोमिक्स हा चैनीचा विषय आहे का? कंपनीत गेले तर संशोधन संपलं का? आणि शेवटी, "मी वैज्ञानिक आहे की नुसती पाइपलाइन चालवणारी?" (पाइपलाइन म्हणजे एकामागून एक चालवायचे ठरलेले प्रोग्राम.)

पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस, "मला अहो-जाहो नको, ताई." म्हणून तू.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात नोकरीचा पेच दिसला. दुसऱ्या वाचनात एका ओळीशी अडले. वर्षभर तू एका झुडूपबेडकाच्या जिनोमवर काम करतेयस आणि लेकीने विचारलं, "आई, तो ओरडतो कसा गं?" तर तुला सांगता आलं नाही. ही ओळ तू कंसात टाकलीस आणि पुढे लगेच पगाराचे आकडे दिलेस. माझ्या लेखी तुझं खरं पत्र त्या कंसात आहे. तिकडे येतेच, पण आधी तुझा शेवटचा प्रश्न घेते, कारण बाकीचे दोन त्याच्यावर उभे आहेत.

"नुसती पाइपलाइन" हे शब्द तुझे नाहीत. ते तुला ऐकवले गेले आणि चार वर्षांत तुझ्या तोंडी बसले. सिक्वेन्सरमधून डीएनएचे लाखो तुकडे येतात. कुठला तुकडा कुठल्याला जोडायचा, कुठला टाकून द्यायचा, कुठला खरंच त्या बेडकाचा आणि कुठला त्याच्या कातडीवरच्या जिवाणूचा, हे सॉफ्टवेअर आपणहून ठरवत नाही. ते पर्याय पुढे ठेवतं, निवड तू करतेस. ती निवड चुकली तर काय होतं, याची एक गोष्ट या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवी असं मला वाटतं.

२०१५ च्या नोव्हेंबरमध्ये टार्डिग्रेड या सूक्ष्म प्राण्याचा जिनोम एका नामांकित नियतकालिकात छापून आला. हा प्राणी वाळून कोळ झाला तरी पाणी मिळताच पुन्हा चालू लागतो, त्यामुळे कुतूहल भरपूर होतं. दावा असा होता, की याची सुमारे १७.५ टक्के जनुकं जिवाणू, बुरशी, वनस्पती अशा परक्या जिवांकडून आलेली आहेत. जगभर बातम्या झाल्या. एडिनबरा विद्यापीठातल्या एका गटाकडे त्याच प्रजातीचा स्वतंत्रपणे जुळवलेला जिनोम होता. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवले, कुठल्या तुकड्याचं कव्हरेज किती, म्हणजे तो किती वेळा वाचला गेला, आणि त्यात जी आणि सी या डीएनए-अक्षरांचं प्रमाण किती हे पाहिलं, आणि थोड्याच दिवसांत दाखवून दिलं की त्या परक्या जनुकांतली बहुतेक नमुन्याबरोबर आलेली भेसळ होती. टार्डिग्रेड पकडायला पुन्हा कुणी गेलं नव्हतं. तो निवाडा तू बसतेस तशाच खुर्चीत बसून झाला.

तू ओझरतं लिहिलंयस की माशाच्या असेम्ब्लीतून, म्हणजे जुळवलेल्या जिनोममधून, तू तीनशेवर कॉन्टिग (तुकडे जोडून झालेले सलग पट्टे) काढून टाकलेस, कारण ते माशाचे वाटेनात, आणि सरांनी त्यावर फक्त "ओके" म्हटलं. तू ते काढले नसतेस तर तुमच्या पेपरवर उद्या कुणीतरी असंच बोट ठेवलं असतं. हे विज्ञान नाही तर दुसरं काय आहे?

आणि ही परंपरा आजची नाही. १९६५ मध्ये मार्गारेट डेहॉफ यांनी तेव्हा माहीत असलेल्या ६५ प्रथिनांचे क्रम एकत्र करून पुस्तक काढलं. तो कच्चा माल इतरांच्या प्रयोगशाळांतून आलेला होता. अमिनो आम्लांना एकेका अक्षराने लिहायची पद्धत त्यांचीच, तू ती रोज वापरतेस. आपल्या सगळ्या डेटाबेसचं ते आजोळ. दुसऱ्यांचे नमुने हाताळते म्हणून कमी दर्जाची, हे गणित तिथेच मोडतं.

तरीही तुझ्या मनातली बोच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तुझं पत्र साडेतीन पानांचं आहे. त्यात पगार आहे, करार आहे, नावाचा क्रम आहे, सासूबाई आहेत. सह्याद्रीतल्या कुठल्या गोष्टीबद्दल तुला स्वतःला कुतूहल आहे, हे मात्र कुठेच नाही. सर विचारतात, या दोन खोऱ्यांतले मासे एकच का? तू उत्तर काढून देतेस. कुणी विचारतं, या मातीत कोणते जिवाणू? तू यादी देतेस. चार वर्षं तू फार चांगली उत्तरं दिलीस, पण प्रश्न प्रत्येक वेळी दुसऱ्याचा होता. हे दूषण म्हणून लिहीत नाही. माझी पहिली दहा वर्षं अगदी अशीच गेली आणि मला ते कळायलाच उशीर झाला, म्हणून तुला आत्ता सांगतेय. नोकरी की संशोधन हा पेच तुला वाटतो तितका मोठा नाही. आपला एखादा प्रश्न आहे का, हा त्याहून मोठा आहे.

आता चैनीचा मुद्दा. तुमच्या प्रोजेक्टमध्ये मासे आहेत, म्हणून माशाचंच सांगते. १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या एका महसीरचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज आपण त्याला टॉर खुद्री म्हणतो. संगम पुलावरून खाली पाहताना आता विश्वास बसणार नाही, पण या माशाचा शास्त्रीय पत्ता आपली नदी आहे. पुढे धरणांमुळे आणि मासेमारीमुळे महसीर कमी होऊ लागला, तेव्हा लोणावळ्याजवळ त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली. हेतू चांगला होता, कामही कष्टाचं होतं. तिथली पिल्लं वेगवेगळ्या नद्यांत सोडली गेली, कावेरीतही.

कावेरीत आधीपासून एक अवाढव्य, पाठीला उंचवटा असलेला महसीर होता. गळ टाकणाऱ्यांना तो एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होता, त्याचे फोटो होते, किस्से होते. पण त्याचं शास्त्रीय नाव पक्कं झालेलं नव्हतं. नाव नाही म्हणून धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत जागा नाही, आणि यादीत जागा नाही म्हणून त्याच्यासाठी वेगळं कुणी काही करत नाही. इकडे सोडलेला खुद्री वाढत गेला, तो मूळचा कमी होत गेला. २०१८ मध्ये शरीररचना आणि डीएनए दोन्ही तपासून ठरलं की हा टॉर रेमादेवी. त्याच वर्षी त्याची नोंद आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. म्हणजे नाव मिळालं तेव्हा तो जवळजवळ संपत आलेला होता.

ही गोष्ट मला पुण्याची म्हणून जास्त लागते. आपल्या नदीवरून ओळखला जाणारा मासा, आपल्याच जिल्ह्यात वाढवलेला, भल्यासाठी सोडलेला, आणि कुठल्या नदीत कोण आधीपासून राहतं हे आधी नीट पाहिलं गेलं नाही. माशाच्या पराचा एक तुकडा, थोडा डीएनए आणि तो वाचून समजून घेणारी एक व्यक्ती, एवढ्याने त्या निर्णयात फरक पडला असता. ती व्यक्ती म्हणजे तुझ्यासारखी. याला चैन म्हणणाऱ्याला ही गोष्ट सांग.

जगातल्या नाव दिलेल्या सगळ्या दृश्यकेंद्रकी (पेशीत ठळक केंद्रक असलेल्या) सजीवांचे, म्हणजे पंधरा लाखांहून जास्त प्रजातींचे जिनोम वाचायचे, असा 'अर्थ बायोजिनोम' नावाचा प्रकल्प २०१८ मध्ये जाहीर झाला. सह्याद्रीच्या वाट्याला त्यातलं किती येईल ते इथे काम करणारे किती टिकतात यावर ठरेल. शिवाय वाचलेला डीएनएचा क्रम कुणाचा आणि त्यातून झालेला फायदा कुणाचा, यावर २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली इथे झालेल्या जैवविविधता परिषदेत देशोदेशी भांडले आणि त्यातून एक निधी उभारायचं ठरलं. अशा चर्चेत डेटा आतून ओळखणारी माणसं आपल्या बाजूला हवीत. पण हा विषय स्वतंत्र पत्राचा आहे.

कंपनीचं काय? तुझ्या वाक्यांमधून असं जाणवतं की कंपनीत जाणं म्हणजे हार. का बरं? दुर्मिळ आजाराचं बाळ घेऊन आलेल्या आईबापांच्या हातात अहवाल पडतो आणि त्यावर लिहिलेलं असतं, डीएनएतल्या या बदलाचा अर्थ अनिश्चित. अर्थ अनिश्चित राहण्याचं एक मोठं कारण हे, की तुलनेसाठी वापरलेला बराचसा डेटा युरोपीय वंशाच्या लोकांचा असतो. म्हणून तर जिनोमइंडिया प्रकल्पात देशभरातल्या १०,००० लोकांचे जिनोम वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमार्फत संशोधकांना खुला झाला. या कामाला तुझ्यासारखी काटेकोर माणसं लागतात. तिथे गेलीस तर तू कमी वैज्ञानिक होणार नाहीस. पण जाताना "माझ्याने ते झालं नाही" असं मनात ठेवून जाऊ नकोस. ते ओझं वर्षानुवर्षं वाहावं लागतं.

आता त्या कंसाकडे.

मी नोकरीला लागून पाच-सहा वर्षं झाली असतील. आमच्याकडे ओढ्यांतल्या लहान माशांचे नमुने यायचे. मी वंशवृक्ष काढायची आणि प्रत्येक वेळी एक नमुना भलतीकडे जाऊन बसायचा, एका खोऱ्यातला मासा दुसऱ्या खोऱ्यातल्यांच्या घरात. मला वाटलं, काहीतरी नवं सापडलंय. दोन महिने मी त्याच आनंदात होते. मॉडेल बदलून पाहिलं, पॅरामीटर बदलून पाहिले, तो हलेना. शेवटी नमुने आणणाऱ्या सहकाऱ्याबरोबर मुळशीच्या बाजूला गेले. तो ओढ्याकाठी उकिडवा बसून बाटल्यांवर मार्करने आकडे लिहीत होता, आणि बोटांना अल्कोहोल लागलेलं होतं. शाई पसरत होती. पुसट आकडे तो संध्याकाळी मुक्कामावर आठवून पुन्हा गिरवायचा. माझ्या नमुन्यातल्या ३ चा तसाच ८ झाला होता. मी दोन महिने संगणकात जे शोधत होते ते त्या ओढ्याकाठी पाच मिनिटांत दिसलं. तेव्हापासून आमच्याकडे शिसपेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत जाऊ लागली. पेन्सिल अल्कोहोलमध्ये उडत नाही. संग्रहालयांतली जुनी माणसं हे पिढ्यान्‌पिढ्या करत आली होती. आम्ही कधी विचारायलाच गेलो नव्हतो.

फील्डवर जा हे मी तुला कुणाचे टोमणे थांबावेत म्हणून सांगत नाहीये. टोमणे मारणाऱ्याला उत्तर द्यायची गरज नाही. माधव गाडगीळ हार्वर्डला गेले ते गणिती परिसरशास्त्राकडे वळले, आणि १९७१ मध्ये परतल्यावर त्यांनी सुरुवात केली ती पुण्यात, आजच्या आघारकर संशोधन संस्थेत. पुढे पश्चिम घाटावरचा २०११ चा अहवाल ज्यांच्या अध्यक्षतेखाली झाला ते हेच गृहस्थ. आकडेमोड करणारा वेगळा आणि रानात फिरणारा वेगळा अशी भिंत त्यांनी मानली नाही. तू का मानतेस?

जूनमध्ये पहिले पाऊस झाले की बेडकांवर काम करणाऱ्या सहकाऱ्याला म्हण, मला एक रात्र बरोबर ने. वनखात्याचं परवानगीपत्र त्यांच्याकडे असतंच, त्यात तुझं नाव घालून घे. झुडूपबेडूक अंधार पडल्यावर ओरडायला लागतात. नखाएवढा जीव आणि केवढा आवाज. फोनवर रेकॉर्ड करून लेकीला ऐकव. तू सांगितलेल्या वर्णनावरून तुझा बेडूक रावऑर्केस्टिस या गटातला दिसतो. याच गटातल्या एका बेडकाला २०१३ मध्ये रावऑर्केस्टिस घाटेई हे नाव मिळालं, पुण्यातले प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांच्यावरून. या गटाची खासियत तुला कागदावर माहीत असेल: यांची पिल्लं शेपटी हलवत पाण्यात पोहत नाहीत. अंड्यातून थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो. ओल्या मातीत नाहीतर पानावर घातलेली ती अंडी एकदा डोळ्यांनी बघ.

आणि मग सर्व्हरसमोर बसून स्वतःला विचार. ज्या बेडकाला पाण्यातलं बालपणच नाही, त्याच्या जिनोममध्ये त्या बालपणाची जनुकं कशा अवस्थेत असतील? शेपटी गळण्याची, कल्ल्यांची, शेवाळ खरवडणाऱ्या तोंडाची तयारी तशीच शिल्लक असेल, मोडकळीला आली असेल, की दुसऱ्याच कामाला लागली असेल? जिनोम तुझ्याकडे वर्षभर पडून आहे. तुलनेला इतर बेडकांचे जिनोम जेनबँक या खुल्या डेटाबेसमध्ये फुकट आहेत. हा प्रश्न मी तुझ्या हाती ठेवत नाही. तुझा प्रश्न वेगळा असेल, बहुधा माझ्यापेक्षा चांगला असेल. पण प्राणी पाहिल्यावर डेटा कसा बोलायला लागतो, ते मला तुला दाखवायचं होतं.

तर या महिन्यात काय करायचं? कंपनीला उत्तर द्यायच्या आधी एक पान लिही. फक्त एक, आणि मराठीत लिही, म्हणजे मोठमोठ्या शब्दांमागे लपता येणार नाही. मला काय जाणून घ्यायचंय, का, आणि त्यासाठी हाताशी काय आहे. तीन-चार संध्याकाळी दे त्याला. जुने प्रोजेक्ट उघड आणि प्रत्येकाशी लिही, इथे मला काय विचित्र वाटलं होतं जे कुणी विचारलं नाही. तू काढून टाकलेले ते तीनशे कॉन्टिगसुद्धा बघ. कोण होते ते? माशाचा एखादा परजीवी असेल तर तोही एक विषय आहे.

पान लिहिता आलं नाही, तर कंपनीत जा. आनंदाने जा, अडीचपट पगार घे, लेकीला वेळ दे. तुझ्या हुशारीला तिथे मान आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पान लिहून झालं, तर ते घेऊन सरांकडे जा आणि सरळ बोल. हा एक भाग माझा असेल का, यात पहिलं नाव माझं असेल का, आणि पुढच्या प्रस्तावात मला सहसंशोधक म्हणून घ्याल का. हे तिन्ही कामाच्या आधी विचार आणि भेट झाली की त्याच संध्याकाळी त्यांना मेल टाक: "आज आपण असं ठरवलं." मी हे केलं नव्हतं. एका मोठ्या पेपरचं सगळं विश्लेषण माझं होतं आणि छापून आल्यावर माझं नाव आभारात सापडलं. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "तुम्ही कधी म्हणाला नाहीत." ते वाक्य मला आज इतक्या वर्षांनीही टोचतं, कारण ते खरं होतं. मी खरंच कधी म्हटलं नव्हतं. नावाचा क्रम हा पेपर पाठवायच्या आदल्या दिवशी काढायचा विषय नाही. काम सुरू होतानाच तो स्वच्छ बोलायचा असतो आणि त्यात उद्धटपणा काही नाही.

सरांचं उत्तर नकारार्थी आलं किंवा "बघू" असं आलं, तर मी तुला राहा म्हणणार नाही. दर मार्चला श्वास रोखून बसायचं आणि स्वतःचं काही उभंही करायचं नाही, असं चार वर्षं झालं तेवढं पुष्कळ. केंद्राच्या २०२३ च्या दरांप्रमाणे जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोला महिन्याला ३७,००० रुपये आणि पीएचडीनंतरच्या पहिल्या पातळीवरच्या आरएला, म्हणजे संशोधन सहयोग्याला ५८,००० मिळतात, वर घरभाडं. रक्कम अगदीच तुटपुंजी नाही, पण पुढच्या एप्रिलची खात्री नाही आणि खरा जाच तो आहे. सासूबाई पर्मनंटचा धोशा लावतात तो तुझ्या कामाचा अपमान म्हणून नाही. घराचा हप्ता थकला तर काय होतं हे त्यांच्या पिढीने जवळून पाहिलंय. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा एक दिवस वही घेऊन त्यांच्याशेजारी बस. हप्ता, बालवाडीची फी, औषधं, विमा लिही आणि सहा महिने पगार आला नाही तर काय, हे दोघी मिळून काढा. आकडे समोर आले की बोलणं निवळतं. आणि नवऱ्याला सांग की "तुझं तू ठरव" हे ऐकायला मोकळं वाटलं तरी त्यात तू एकटी पडतेस. त्यानेही आपलं मत सांगायला हवं.

कंपनीत जायचं ठरलं तर सही करण्यापूर्वी करारपत्र पूर्ण वाच, शक्य तर ओळखीतल्या वकिलाला दाखव. नोकरीच्या वेळेबाहेर केलेल्या कामावरही कंपनीचा हक्क, असं कलम कधी कधी त्यात असतं. बेडकांच्या जिनोमशी त्यांचा धंदा नाही, तेव्हा त्या कामाला लेखी मुभा माग. पेपर छापायला परवानगी लागते का, कुणाची, किती दिवसांत मिळते, हेही विचार. जुन्या संस्थेत पाहुणी संशोधक म्हणून नाव ठेवता येतं का ते बघ, कारण सर्व्हर आणि नमुने वापरायला संस्थेचा आधार लागतो. उत्तराला आणखी दोन आठवडे मागायलाही संकोच करू नकोस. नीट विचार करून येणारी माणसं चांगल्या कंपन्यांना हवीच असतात.

तिसरी वाटही आहे आणि तिचा तू पत्रात उल्लेखच केलेला नाहीस: स्वतःच्या नावावर फेलोशिप. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे, विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या स्त्री संशोधकांसाठीच्या वाइज-किरण योजना आहेत. वयाच्या अटी आणि अर्जाच्या तारखा बदलत असतात, त्या अधिकृत ठिकाणी स्वतः वाच, व्हॉट्सअॅपवर आलेल्या माहितीवर विसंबू नकोस. त्या एका पानातूनच असा अर्ज तयार होतो, म्हणून ते पान वाया जाणार नाही. आणि तू पुण्यात आहेस हे विसरू नकोस. विद्यापीठात बायोइन्फर्मॅटिक्सचं केंद्र १९८७ पासून आहे. आयसर या विज्ञानसंस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक आहे. आघारकर संस्थेत आणि बोटॅनिकल सर्व्हेच्या पश्चिम विभागात वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रह आहेत, आकुर्डीला झूऑलॉजिकल सर्व्हे आहे. जाऊन बस, कपाटं दाखवा म्हण. त्या संग्रहांत काम करणाऱ्या अनेकांना डेटा हाताळणारा सोबती हवा असतो आणि तो कुठे मिळेल हे त्यांना कळत नसतं.

अशीच पत्रं एमएस्सीच्या मुलामुलींकडूनही येतात, त्यांच्यासाठी थोडं. कोडिंग शिका, पण संख्याशास्त्र आधी. रोज एक नवं सॉफ्टवेअर शिकण्यापेक्षा एकाच डेटासेटवर महिनाभर बसा आणि त्यातली प्रत्येक फाइल कुठून आली हे सांगता येईल असं बघा. घरी चांगला संगणक नसेल तर गॅलेक्सीसारख्या खुल्या व्यासपीठावर ब्राउझरमधूनच बरंच करता येतं. सुरुवात लहान जिनोमपासून करा. कांदा छोटा दिसतो म्हणून घ्याल तर त्याचा जिनोम माणसाच्या सुमारे पाचपट भरतो आणि लॅपटॉप मान टाकतो. आणि कुठलाही नमुना परदेशी संस्थेकडे पाठवायचा म्हटलं की आधी जैविक विविधता कायद्याची माणसं गाठा; साधारणपणे राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागते आणि "आम्हाला माहीत नव्हतं" हे कारण चालत नाही. कंपनीत असलेल्या आणि परत यावंसं वाटणाऱ्यांनी शनिवारची सकाळ राखून ठेवा. मधल्या काळात तुमच्या नावावर एखादा छोटा खुला कोड, एखादी नीट मांडलेली डेटाची नोंद असेल तर परतीच्या मुलाखतीत रिकाम्या हाताने बसावं लागत नाही.

तुझ्याबद्दल माझं मत विचारशील तर, मला वाटतं तुझ्याकडून पान लिहून होईल. ज्या मुलीला तीनशे कॉन्टिग "माशाचे वाटेनात", तिच्या डोक्यात प्रश्न आहेत. ते आजवर तिने सरांना मोठ्याने सांगितले नाहीत, इतकंच.

सरांशी बोलणं झालं की दोन ओळी कळव, विशेषतः पहिल्या नावाबद्दल ते काय म्हणाले ते. आणि रात्री बेडूक ऐकायला जाशील तेव्हा पायात गमबूट घाल. पावसाळ्यात झुडपांखाली सापही असतात.